भाचीला मारा

मी मरावं असं निम्म्या महाराष्ट्राला वाटत होतं, आणि उरलेल्या निम्म्याला मी अजून कशी मेले नाही याचा राग आला होता. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, तिला टीबी द्या. नाशिकच्या एकीनं विहीर सुचवली. लातूरची जरा मायाळू निघाली; ती म्हणाली, झोपेतच जाऊ द्या बिचारीला, पण ह्याच आठवड्यात. ह्या सगळ्या माझ्या वाचक. सीमेपलीकडं भालकीत बसून मी मोबाइलवर प्रेमकथा लिहीत होते, आठवड्याला दोन भाग, आणि त्या कथेत दोन प्रेमी जीवांच्या मधे आडवी आलेली जी पोरगी होती, ती मीच होते. हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर एखादी स्वतःच बस धरून आली असती.

पण हे झालं पुढचं. सुरुवातीला मी लिहायचे ते हौस म्हणून. माझ्या नवऱ्याचं भालकीत जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. उसाच्या रानातली पाण्याची मोटार जळली की गिऱ्हाईक ती लेकरासारखी उचलून आणतं, आणि हा तिच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. दुपारी तो जेवायला घरी गेला की गल्ल्यावर मी बसायचे. समोर मेलेल्या मोटारींची रांग आणि हातात मोबाइल. एका ॲपवर बायका गोष्टी लिहायच्या. त्या वाचता वाचता वाटलं, एवढं खोटं तर मलाही बोलता येतं.

माझा पहिला नायक सात फूट उंच होता. कुणी तक्रार केली नाही म्हणून पुढच्याला साडेसात केला. तो पुण्यात चाळिसाव्या मजल्यावर राहायचा. पुणं मी पाहिलं नव्हतं, पण साखर कारखान्याची चिमणी पाहिली होती. तिला खिडक्या लावल्या की झालं पुणं. नायिका उठता बसता चक्कर येऊन पडायची आणि तो तिला झेलायचा. मग आमच्या गल्लीतल्या एका अक्कानं वाचून विचारलं, "कितवा म्हैना हाय तिला?" आमच्याकडं बाईला चक्कर आली की दुसरं काही सुचतच नाही कुणाला. त्यानंतर मी चक्कर बंद केली आणि नायिकेला जिन्यावरून पाडायला लागले.

आता नवऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा नवरा माझा मामा आहे. सख्खा. आईचा धाकटा भाऊ. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून चहा पितो. आमच्या पट्ट्यात कितीतरी घरांत ही रीत आहे. थोरल्या बहिणीच्या पोरीवर धाकट्या मामाचा पहिला हक्क. ती दुसरीकडं दिली तर लोक मामातच खोट शोधतात. मी बी.ए. झाले, माहेरी निर्ण्यात हळद लागली आणि भालकीत उतरले. माझी आई माझी नणंद झाली. चिटगुप्प्याची आज्जी, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, ती सासू झाली. दिवाळीला एकाच बाईच्या पाया दोनदा पडायची पाळी आली. एकदा आज्जी म्हणून, एकदा सासू म्हणून. दुसऱ्या खेपेला आशीर्वादात काटछाट असायची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अव्वानं बजावलं, "आता मामा म्हणायचं न्हाई." काय म्हणायचं ते मात्र सांगितलं नाही. मी 'अहो' म्हणायला गेले की मला हसू यायचं आणि त्याला ठसका लागायचा. शेवटी मी हाक मारायचंच सोडून दिलं. जेवायला बोलवायचं झालं की पेल्यावर चमचा वाजवते. अजूनही.

माणूस वाईट नाही. कधी हात उचलला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. बोलला मात्र नाही. मीठ पाहिजे असलं की "मीठ" म्हणायचा आणि पोचलं की तेही म्हणायचा नाही. मला त्याच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. एकदा, कधीतरी, कशाच्याही नादात त्यानं म्हणावं, की अव्वानं आणि आईनं ठरवलं नसतं तरी मी तुलाच केलं असतं. बस्स, एवढंच. हे वाक्य मी माझ्या सगळ्या साडेसात फुटी नायकांकडून म्हणवून घेतलं. चिमणीवर उभं करून म्हणवलं, पावसात म्हणवलं, विमानात म्हणवलं. पण ते माझेच पाळलेले; त्यांच्या म्हणण्याला काय किंमत.

मग एकदा वाटलं, खरं लिहावं. गोष्टीला मी आमचंच घर घेतलं. नायक नायिकेचा मामा, नायिका कॉलेज संपवून बसलेली, आणि मामा आपल्याला मागणी घालतो का दुसरीकडं बघतो ह्या काळजीनं तिला अन्न गोड लागत नाही. असं मनापासून लिहिलं. दुपारी टाकलं. संध्याकाळपर्यंत ॲपवर दंगल.

'लेखिका ताई, मामेभाऊ म्हणायचंय का तुम्हाला?' ही सगळ्यांत सभ्य. मग 'शी'. मग 'ह्या बाईवर उपचार करा'. मग 'पोलिसांत कळवलं आहे'. एकीनं तर माझ्या आईवडिलांची चौकशी केली. मला काही उमजेना काय चुकलं ते. मला वाटलं, पहिल्यांदाच नायकाची उंची पाच फूट चार केली म्हणून बाया चिडल्या. दुसऱ्या दिवशी ॲपवाल्यांनी गोष्ट काढूनच टाकली.

आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामून? त्यांच्याकडं मामा न्हाईत का?"

आठवड्यानं पुण्याहून त्या ॲपच्या संपादिकाबाईंचा फोन आला. आवाज असा गोड की वाटावं, जखमेवर मध लावायलीय. "ताई, हात चांगला आहे तुमचा. पण नायक परका हवा."

"परका म्हणजे?"

"रक्ताचा नको." लगेच पुढं म्हणाल्या, "आणि खरं सांगू? ते नातं सोडा, तुमच्या गोष्टीत अडचणच नाही. ज्याला त्याला ते लग्न हवंच आहे. मग वाचायचं कशाला? प्रेमात कुणीतरी मधे आडवं यायला लागतं. हौशी लेखिका नायिकेची काळजी करतात, ताई. तुम्ही वाचकाची करा."

मी फोन ठेवला आणि जळक्या मोटारींकडे बघत बसले. आडवं कोण आलं होतं ते मला शोधायला जायची गरज नव्हती. लग्नाआधी हुमनाबादच्या कॉलेजात असताना मामाचं एका पोरीशी होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. अव्वा तिला 'ती भानगड' म्हणायची, आई 'ती साडेसाती'. माझ्यासाठी म्हणून त्याला तिच्यापासून सोडवला होता. गोष्ट तयारच होती. फक्त मी आजवर चुकीच्या पोरीला नायिका करत होते.

एका दुपारी तो जेवून दुकानात परत आला, तर मी घरी गेले नाही. तो तार गुंडाळायला बसला. मी स्टूल ओढलं.

"तुमच्या कॉलेजातली ती पोरगी. कशी हुती?"

हात थांबला नाही. "कामून?"

"गोष्टीत घालायचंय. पुण्याच्या बाया वाचत्यात. नाव घालत न्हाई कुणाचं."

मला वाटलं उठेल, चिडेल, निदान पाना आपटेल. तसं झालं असतं तर मी आजही हौशीच राहिले असते. तो म्हणाला, "उंच न्हवती लई." आणि मग जे सुरू झालं ते कारंजा धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडल्यासारखं. मीठ मागायला एक शब्द खर्च करणारा माणूस तीन गिऱ्हाइकं परत पाठवून बोलत होता. ती घरी कानडी बोलायची, कंडक्टरशी दखनीत भांडायची, आणि ह्याच्याशी मराठी बोलताना दर वाक्याला 'हौ ना' जोडायची. भांडताना तिचं नाक लाल व्हायचं. कॅन्टीनमधल्या उप्पीटातला कडीपत्ता तिला आवडायचा नाही. एकेक पान वेचून ती ह्याच्या ताटात टाकायची आणि हा खायचा.

"आजून कडीपत्ता चावला की कॉलेज आठवतंय बघ," तो म्हणाला, आणि हसला.

त्याला हसताना मी दोन्ही नात्यांत पाहिलं नव्हतं. आणि लग्न झाल्यापासून मी घरात फोडणी घालत होते. आमटीत, भातात, ताकात, जिथं जागा सापडेल तिथं कडीपत्ता. रोज दोन वेळा मी माझ्या हातानं त्याला ती वाढत होते.

मी टाइप करत राहिले. सुटलं कसं, ते विचारलं. अव्वानं चिटगुप्प्यात अन्न सोडलं, आई निर्ण्याहून येऊन उंबऱ्यात बसली. "माझी पोरगी परक्याच्या दारात ढकलू व्हय रे?" म्हणाली. हा तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. भूक अव्वाला होती, ती ह्याच्यानं सोसवली नाही.

"आन् ती भाची?" मी विचारलं. "ती कशी हुती तवा?"

"कोण?"

"मी."

त्यानं तार दातात धरली आणि खरोखर विचार केला. प्रामाणिक माणूस. "तू काय," म्हणाला. "हुतीस की घरात."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. पुण्याची भानगड नको म्हणून गोष्टीत मी स्वतःला नायकाच्या मामाची पोरगी करून टाकलं; रक्त थोडं पातळ केलं एवढंच. बाकी सगळं तेच. बायांना वेड लागलं. जेवणं करपली म्हणे कुणाकुणाची. नायकाची उंची कुणी विचारली नाही. आणि नायक नायिका जितके आवडायला लागले, तितका त्या मधल्या पोरीवर दात. तिनं काही केलंच नव्हतं, हेच त्यांना खपेना. मी तिला भांडायला लावलं नाही, विष कालवायला लावलं नाही. ती स्वयंपाक करायची आणि वाट बघायची. 'हिला बघून डोकं उठतं,' एकीनं लिहिलं. दुसरीनं सरळच, 'भाचीला मारा.' ती मामाची पोरगी आहे, भाची नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं कुठूनसं ओळखलं, का एका भागात माझाच हात घसरला, मी परत वाचून बघितलं नाही.

संपादिकाबाईंचं म्हणणंही तेच. "ताई, मधली बाई फार दिवस जगवायची नसते."

"तिचा काय गुन्हा पण?"

"गुन्हा नाही म्हणूनच मारायची. वाईट असती तर सुधारली असती."

ह्या बाईचं मला कौतुक वाटतं. हिनं हातात कधी सुरी धरली नसेल, पण खाटकाच्या सात पिढ्यांना शिकवील.

एव्हाना मामाही वाचक झाला होता. स्वतःची गोष्ट कुणाला नको असते. मंगळवारी आणि शनिवारी तो चष्मा पुसून बसायचा. त्यामुळे माझं मरण लिहायला घेतलं ते निम्म्या महाराष्ट्रासाठी नव्हतं, एका वाचकासाठी होतं. माझ्या जिवंतपणी जे त्याच्या तोंडातून निघालं नाही ते मी मेल्यावर तरी निघतं का, मला बघायचं होतं. आठ दिवस लिहिलं. असं मरण भालकी तालुक्यात कुणाला आलं नसेल. ओलं रान, दाटलेला ऊस, नायक बांधावर बसून नायिकेच्या आठवणीत बुडालेला. मोटार चालू करायची त्याला शुद्ध नाही म्हणून ती पोरगी जाते, ओल्या हातानं स्टार्टरचं बटण दाबते. खाली पडते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर त्याची पाठ असते. लिहिताना मी इतकी रडले की मोबाइलला बुरशी यायची वेळ आली.

शनिवारी रात्री तो जेवता जेवता वाचायला लागला. मी समोर बसले. वाचता वाचता त्याचा घास थांबला. कपाळाला आठी पडली. ओठ हलले. माझं काळीज अव्वाच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

"हितं चुकलीस," तो म्हणाला.

"कुठं?"

"स्टार्टरला असा शॉक लागत न्हाई. अर्थिंग असतंय. माझ्या हातच्या मोटारीवर माणूस मरतंय म्हणल्यावर कोण यील दुकानात?" त्यानं अंगठ्यानं पडदा वर सरकवला, खाली काही उरलंय का बघितलं, आणि घास तोंडात घातला. "मग आता त्या दोघांचं जमतंय न्हवं?"

मी मोबाइल घेतला. उंदरांनी अर्थिंगची तार कुरतडली होती, असं एक वाक्य घातलं आणि परत एकदा मेले; ह्या खेपेला नियमाप्रमाणं. वाचकांनी बदामांचा पाऊस पाडला. एकीनं घरात शिरा केल्याचा फोटो टाकला.

हौस तिथं संपली. तोवर मला जे मिळत नव्हतं ते मी गोष्टीत घालत होते. त्या दिवसापासून मी गोष्टीला जे पाहिजे ते बघायला लागले, आणि माझं काय होतं त्याकडं कानाडोळा करायला शिकले. सकाळी स्वयंपाक झाला की बसायचं. लिहिलेलं परत वाचायचं, आणि जिथं आपल्याला रडू येतं तिथं आधी कात्री लावायची.

शेवटचा भाग राहिला होता. बायांना लग्न पाहिजे होतं. ते मी उभ्या उभ्या लावलं असतं, पण शेवटी नायिका काय बोलते ते मला सापडेना. नायक आख्खा माझ्या घरात होता. नायिका मात्र मी फक्त त्याच्या तोंडून ऐकली होती. मी त्याला म्हणाले, तिला भेटायला पाहिजे. कुठं असती कुणास ठाऊक.

त्यानं एका दमात सांगितलं. कलबुर्गीतली शाळा, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या चौकातून डावीकडे, गणित शिकवते, मधली सुट्टी कधी होते. माझा वाढदिवस त्याला अव्वा सांगते.

"मी धाडलंय म्हणू नकोस," तो म्हणाला. मी चप्पल घालत होते तेव्हा परत आला. "म्हणलीस तरी चालंल."

कलबुर्गीची ती शाळा सापडायला मला काहीच वेळ लागला नाही. रस्ता त्यानं असा सांगितला होता की डोळे मिटून गेले असते. शिक्षकांच्या खोलीत एक जाडजूड, हसरी, खडू लागलेल्या हातांची बाई डबा खात होती. मी म्हणाले, हुमनाबादच्या कॉलेजावर लिहायलेय, जुन्या आठवणी गोळा करायलेय. तिनं खुर्ची पुढं केली. मी हळूच चिटगुप्प्याच्या एका पोराचं काढलं. तिनं डोकं खाजवलं.

"चिटगुप्प्याचा? लई पोरं होती हो अक्का. कौनसा?"

मी त्याचा वर्ग सांगितला, चेहरा सांगितला. तिचा चेहरा कोराच. शेवटी मी उप्पीट काढलं.

"अय्यो, कडीपत्तावाला? हौ ना, होता एक." ती हसायला लागली. "आम्ही सगळ्या पोरी आपला आपला कडीपत्ता त्याच्या ताटात टाकायचो. तो सगळा खायचा. बकरी म्हणायचो आम्ही त्याला." हसता हसता तिला खोकला आला. नाक लाल झालं. ते बरोबर होतं. "नंतर एकदा रडतबिडत आला होता, लग्न ठरलं म्हणून. मला काही कळंना, मला का सांगायला. मी म्हणले, चांगलं आहे की, पेढे कुठं आहेत? काय करतो आता बकरी?"

"मोटारी भरतो."

"बायको बरी मिळाली?"

"हाय बरी," मी म्हणाले.

तिनं मला निम्मी पोळी खाऊ घातली. बाई चांगली होती, आणि तेच वाईट वाटलं. द्वेष करायला काही सापडेना.

परतीच्या बसमध्ये मी तो एक शब्द जिभेखाली ठेवून बसले होते. बकरी. एवढ्या वर्षांचं घरातलं मौन, ते एकदाचं हसू, आमटी, त्याच्या मनातलं ते सगळं देऊळ त्या एका शब्दानं खाली आलं असतं. मग तिथं मोकळी जागा झाली असती, आणि घरात मी होतेच. हुमनाबाद येईपर्यंत माझं ठरलं होतं, की सांगायचं. भालकीच्या स्टँडवर बस वळली तेव्हा तो मोटारसायकल घेऊन उभा दिसला. दाढी केली होती. माझ्या भावाच्या लग्नातला शर्ट घातला होता. पाण्याची बाटली आणली होती, माझ्यासाठी, आणि ती द्यायची विसरला.

"काय म्हणली?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. साडेसात फुटी माणसांच्या तोंडावर असलं काही लिहायला मला कधी जमलं नव्हतं.

"वळखलं," मी म्हणाले. "तुमचं गाव काढल्याबरूबर उठून खिडकीपाशी गेली. लई वेळ तोंड फिरवलं न्हाई हिकडं."

"मग?"

"मग म्हणली, लग्न झालं, लेकरं झाली, समदं झालं. पण उप्पीट म्हणून खाल्लं न्हाई त्या दिवसापासून. नवऱ्याला वाटतंय, रवा पचत न्हाई."

एकेक वाक्य त्याच्यात कुठवर उतरतंय ते मला दिसत होतं. हे मला येत होतं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं येत होतं. त्यानं गाडी चालू केली, मी मागं बसले. कारखान्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्याची पाठ हलायला लागली. रस्ता खराब नव्हता. तो रडत होता, मोठ्या माणसाचं पहिल्यांदाचं रडणं असतं तसं, गाडी बिघडल्यासारखं, धक्के खात. मी नीट बघून घेतलं. आधी मान खाली जाते, मग खांदे, आवाज सगळ्यांत शेवटी.

बऱ्याच वेळानं तो समोर बघतच म्हणाला, "तुझ्यासारखी बायको न्हाई मिळायची कुणाला."

मी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, पडू नये म्हणून. दुसऱ्या हातात मोबाइल होता. वाक्य चांगलं होतं, आणि शेवटच्या भागात तशीच जागा मोकळी पडली होती. अंगठ्यानं मी ते नायिकेऐवजी नायकाच्या तोंडी घातलं. नायिका खिडकीपाशी उभी असते, तो येतो, आणि तेच वाक्य तिला म्हणतो.